अठरा पूर्ण झाले, तरी घरात शब्द कोणाचा?

प्रवेशाची फेरी संपायला दोन दिवस उरलेले असतात आणि जातवैधता प्रमाणपत्र बाबांच्या कपाटात असतं. मुलीला पुण्याचं कॉलेज मिळालंय. बाबा ओरडत नाहीत, मारत नाहीत. "नागपुरात का कॉलेजं नाहीत का?" एवढंच म्हणतात. कपाट बंद राहतं, फेरी संपते, मुलगी नागपुरातच शिकते.

घरातल्या सत्तेचा विषय निघाला की आपल्याला धाक, मार, आरडाओरडा आठवतो. तेही असतंच. पण सतरा ते पंचवीस या वयात आयुष्याची दिशा पुष्कळदा अशा शांत जागी ठरते. कागद कोणाच्या ताब्यात आहेत, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, कर्जाच्या अर्जावर सही कोणाची लागते, आणि घरात शेवटचं 'हो' कोण म्हणतं, या चार प्रश्नांची उत्तरं सापडली की घरातली सत्ता नेमकी कुठे आहे ते कळतं. मग तिच्याबद्दल बोलता येतं, आणि थोडी थोडी मागताही येते.

कायद्यात एका दिवसात बदल होतो, घरात होत नाही

भारतीय सज्ञानता कायदा 1875 चा. त्यानुसार अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. त्याआधी पालकांना मुलाच्या राहण्याचे, शिक्षणाचे, उपचारांचे निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार असतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू असलेला 1956 चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये स्पष्ट केलं की यासाठी वडील मरण पावलेले असण्याची गरज नाही. ते लक्ष देत नसतील किंवा उपलब्ध नसतील तर त्यांच्या हयातीतही आई पालक असते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नवरा-बायको वेगळे राहत असले तरी अनेक कार्यालयांत "वडिलांची सही आणा" असंच ऐकवलं जातं.

अठराव्या वाढदिवशी हा अधिकार पूर्ण संपतो. कुठे राहायचं, काय शिकायचं, कुठे नोकरी करायची, पासपोर्ट काढायचा की नाही, यातल्या कशालाच पालकांची परवानगी लागत नाही.

मात्र एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. घर आईवडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं असेल तर सज्ञान मुलाला तिथे राहण्याचा हक्क सांगता येत नाही. "माझ्या घरात राहायचं तर माझं ऐकावं लागेल" या वाक्यामागे कायद्याचं थोडं बळ आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेचं वेगळं आहे. त्यात हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचाही मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानंतर त्याबद्दल शंका उरलेली नाही. अविवाहित मुलीला आणखी एक आधार आहे. ती सज्ञान असली आणि स्वतःच्या कमाईवर जगू शकत नसली, तर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 खाली ती आईवडिलांकडे निर्वाहखर्च मागू शकते. मुलाला हा हक्क अठरापर्यंतच.

कागदांची सत्ता

महाराष्ट्रात, आणि विदर्भात तर विशेष, मुलांना घराशी सर्वांत घट्ट बांधतो तो जातीचा दाखला आणि त्याची वैधता. या प्रक्रियेची बांधणीच अशी आहे की एकट्या तरुणाला ती पुरी करता येत नाही.

जात पडताळणी समितीला वडिलांकडच्या नात्याचे जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जुना महसुली अभिलेख. सोबत वंशावळीचं शपथपत्र. चुलतभावाला, आत्याला किंवा काकांना आधीच वैधता मिळालेली असेल तर ती प्रत फार मोलाची, कारण रक्तनात्यातली वैधता हा भक्कम पुरावा मानला जातो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की वडिलांशी वाद झाला तर कपाट बंद आणि काकांशी वाद झाला तर त्यांची वैधता मिळत नाही. आईच्या माहेरी वाढलेल्या मुलाला तर वडिलांच्या गावात कोणी ओळखतही नसतं. नागपुरात आणखी एक गुंता होतो. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे अनेक घरांची मुळं छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडे आहेत. तिकडचा, म्हणजे आता दुसऱ्या राज्यातला, 1950 चा पुरावा इकडच्या समितीपुढे अडतो, आणि ही गोष्ट घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यालाच ठाऊक असते. आंतरजातीय विवाहातल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं की मुलाची जात वडिलांचीच असते असं सरसकट धरता येणार नाही. आईच्या समाजात वाढल्याचे आणि तिच्याच वाट्याची अवहेलना सोसल्याचे पुरावे दाखवता येतात. पण ते दाखवायला वेळ लागतो, आणि प्रवेशाची फेरी थांबत नाही.

म्हणून हे काम जूनमध्ये करायचंच नाही. अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करता येतो. त्या काळात घरात अजून भांडण पेटलेलं नसतं, कोणत्या शहरात शिकायचं हा प्रश्न आलेला नसतो, आणि "सगळे विद्यार्थी करून राहिले" एवढं सांगितलं की कागद बाहेर निघतात. प्रमाणपत्र आलं की त्याच दिवशी रंगीत स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवावं. प्रवेशासाठी मूळ प्रत दाखवावी लागते हे खरं, पण हातात स्कॅन असेल तर क्रमांक आणि तारीख तरी राहते आणि दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करता येतो.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांचं सोपं आहे. त्या डिजिलॉकरमध्ये मिळतात आणि तिथली अधिकृत प्रत 2016 च्या नियमांनुसार मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते. पण डिजिलॉकर उघडायला आधारशी जोडलेला मोबाइल नंबर लागतो, आणि इथेच बहुतेक मुलं अडकतात, कारण पाचवीत असताना आधारला बाबांचा नंबर दिलेला असतो. अठरा पूर्ण असतील तर आधार केंद्रावर स्वतः जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, थोडं शुल्क भरायचं आणि आपला नंबर जोडून घ्यायचा. त्यासाठी वेगळा कागद लागत नाही आणि पालकांची सहीही लागत नाही. अठरा झाल्यावर करायचं पहिलं काम कोणतं असं विचारलं, तर हेच. मतदार नोंदणीचा फॉर्म 6 त्याच आठवड्यात भरून टाकावा. ओळखीचा आणखी एक पुरावा स्वतःच्या नावावर होतो.

खातं तुमचं, ओटीपी त्यांचा

लहानपणी उघडलेलं बँक खातं अठराव्या वर्षी आपोआप तुमच्या हातात येत नाही. बँकेत जाऊन नव्याने केवायसी करावं लागतं, स्वतःच्या सहीचा नमुना द्यावा लागतो आणि पालकांचा व्यवहाराचा अधिकार काढून घ्यावा लागतो. हे केलं तरी मोबाइल नंबर बाबांचाच राहिला, तर प्रत्येक व्यवहार त्यांच्या परवानगीने होणार.

शिष्यवृत्तीची यातली गोम फार थोड्यांना माहीत असते. महाडीबीटीवरून येणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातातच असं नाही. ते आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि अशी जोडणी एका वेळी एकाच खात्याची असते: जे सर्वांत शेवटी जोडलं ते. समजा आठवीत असताना पालकांसोबतचं खातं आधारला जोडलं गेलं आणि पुढे तुम्ही नवं खातं काढलं पण जोडणी बदलली नाही, तर स्वाधार योजनेचे (अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी मिळणारी मदत) किंवा शिष्यवृत्तीचे पैसे जुन्याच खात्यात पडतील. नव्या खात्याच्या शाखेत 'आधार सीडिंग'चा अर्ज द्यायचा आणि काही दिवसांनी आधारच्या संकेतस्थळावर जोडणी तपासायची.

कमावत्या मुलांचं दुखणं वेगळं. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात, बुटीबोरीला किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत मुलगी नोकरीला लागते, पगार तिच्या खात्यात येतो आणि एटीएम कार्ड मात्र भावाकडे असतं. विचारलं तर उत्तर मिळतं, "पैसे कुठं पळून चालले का?" कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 अशा वागण्याला आर्थिक छळ म्हणतो, आणि हा कायदा फक्त सुनांसाठी नाही, मुलीला आणि बहिणीलाही तो लागू होतो. पण कोर्टाच्या आधीची एक पायरी बहुतेक घरांत चालते. घरखर्चाला ठरावीक रक्कम, ठरावीक तारखेला, स्वतःहून द्यायची. रक्कम किती हे बोलून ठरवायचं, आणि ती खात्यातून पाठवायची म्हणजे नोंद राहते. घरात पैसा येत राहिला की कार्ड परत मागणं सोपं जातं, कारण मागणाऱ्यावर "घर विसरली" असा आरोप करता येत नाही.

चोरून दुसरं खातं उघडण्याचा मोह होतो. जिथे खरा धोका आहे तिथे ते करावंच. पण साध्या ताणाच्या घरात ते सहसा उघडं पडतं. चेकबुक घरच्या पत्त्यावर येतं, आणि मग पगाराचा प्रश्न बाजूला राहून "आमच्यापासून लपवलं" हाच विषय होतो.

शैक्षणिक कर्जात बँका आई किंवा वडिलांना सहकर्जदार करतात. त्यामुळे बाविशीतही सही त्यांचीच. मुलींच्या बाबतीत खर्चाचा मुद्दा मात्र पुष्कळ हलका झाला आहे. 2024-25 पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ते लागू नाही. "तुझ्यासाठी एवढा पैसा कुठून आणायचा" या वाक्यासमोर ठेवायला हा शासन निर्णय उपयोगी पडतो.

नियम आणि ओझं

"नऊच्या आत घरी ये" हा नियम आहे. "तू उशिरा आली की तुझ्या आईचं बीपी वाढते" हा नियम नाही. मानसशास्त्रात या दोन प्रकारच्या नियंत्रणांमध्ये स्पष्ट फरक केला जातो. पहिलं वागण्यावर असतं. त्याची हद्द दिसते, त्यावर वाद घालता येतो, नऊचे साडेनऊ करता येतात. दुसरं मनावर असतं: अपराधीपणा, अबोला, तुलना, माया काढून घेणं. त्याला हद्दच नसते, म्हणून ते पाळून कधी संपत नाही. संशोधनात दुसऱ्या प्रकाराचा संबंध मुलांच्या चिंतेशी आणि नैराश्याशी पुन्हा पुन्हा दिसला आहे. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकत्वाच्या शैलींवर केलेलं कामही इथे उपयोगाचं आहे. ठाम नियम आणि त्यासोबत ऊब व कारण सांगण्याची तयारी, अशा घरांतली मुलं जास्त जबाबदार निघाली. नुसता हुकूम चालवणारी आणि सगळं सोडून देणारी, दोन्ही घरं मागे पडली. शिस्त मुलांना मोडत नाही. कारण न सांगता लादलेली, आणि प्रेम मागे घेऊन पाळायला लावलेली शिस्त मोडते.

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीत हे उघड दिसतं. पहिल्या वर्षी मार्क कमी पडतात, ड्रॉप घेतला जातो. क्लासची फी भरलेली असते, कधी त्यासाठी शेत किंवा दागिने गहाण पडलेले असतात. दुसऱ्यांदाही शासकीय जागेइतके मार्क येत नाहीत. आता मुलाला फार्मसी किंवा बीएस्सी करायचं असतं, पण भरलेली फीच घरात बोलू लागते: "एवढे लावले, आता सोडतोस?" तिसरा ड्रॉप अभ्यासासाठी घेतला जात नाही, तो ते ओझं फेडण्यासाठी असतो. यातून सुटायचा मार्ग एकच, तो म्हणजे ड्रॉप घेण्याआधी कागदावर लिहून ठरवणं: किती मार्कांच्या खाली आलो तर थांबायचं, थांबलो तर कुठे प्रवेश घ्यायचा, आणि त्या दुसऱ्या वाटेचा फॉर्म यंदाच भरून ठेवायचा. निकालानंतर ही चर्चा कोणत्याच घरात नीट होत नाही.

मुलांवरचं नियंत्रण मुलींपेक्षा कमी दिसतं, पण त्यांच्यावर कमाईचं ओझं लवकर पडतं, आणि त्याबद्दल बोलण्याची मुभा तर मुळीच नसते. मन फार जड झालं तर 14416 या टेलीमानस क्रमांकावर मराठीतून, कोणत्याही वेळी, फुकट बोलता येतं.

मागायचं कसं

आधी निर्णय कोण घेतं ते ओळखा. एकत्र कुटुंबात बाबा 'नाही' म्हणतात, पण ते 'नाही' बरेचदा काकाजींचं किंवा आजीचं असतं. आई निरोप्या असते. मुलं सगळा राग आईवर काढतात, कारण तिच्यावर काढता येतो. आणि जी एकटी बाजू घेऊ शकली असती तीच थकून गप्प होते. आईला निर्णय मागू नका, माहिती मागा: कोणाला कशाची भीती आहे. पुष्कळदा भीती शहराची नसते, "लोक काय म्हणतील" याचीही नसते, तर मधल्या काकांच्या मुलाला पाठवलं नव्हतं, आता हिला पाठवलं तर घरात काय होईल, याची असते.

मग एकच गोष्ट मागा. नोकरी, शहर, फोनचा पासवर्ड आणि लग्न हे सगळं एकाच रात्री काढलं तर सगळ्यालाच नकार मिळतो. एका पानावर खर्च, राहण्याची जागा, तिथल्या ओळखीच्या माणसाचं नाव, घरी कधी येणार आणि जमलं नाही तर काय, एवढं लिहा. मुदत घाला: "सहा महिने करून पाहतो, दिवाळीला बसून बोलू." मुदत घातली की हरलो असं कोणालाच वाटत नाही. पाहुणे असताना, लग्नघरात किंवा शेतीचा पैसा अडकलेला असताना विषय काढू नका.

लग्न

मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण हवं. त्याआधी लग्न लावलं गेलं असेल तर जो अज्ञान होता त्याला, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत, ते न्यायालयातून रद्द करून घेता येतं. म्हणजे सोळाव्या वर्षी लावून दिलेल्या मुलीकडे विसाव्या वाढदिवसापर्यंत वेळ असतो. ही मुदत निघून गेल्यावर अनेकींना कळतं.

दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीने लग्न करायला घरच्यांची संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि 2018 मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. अडचण येते ती पद्धतीत. विशेष विवाह कायदा 1954 खाली दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयाच्या फलकावर 30 दिवस लागते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्यालाही जाते. नागपुरात नोटीस दिली आणि घर वर्धा किंवा भंडारा जिल्ह्यात असेल, तर बातमी गावात पोचण्याची वाट कायद्यानेच उघडलेली असते. आक्षेप मात्र वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं किंवा मानसिक असमर्थता एवढ्याच कारणांवर घेता येतो. "आम्हाला मान्य नाही" हे कारण नाही. मुदतीनंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं, आणि ते नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं.

हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्यामुळे एक हिंदू आणि एक बौद्ध असं जोडपं तीस दिवसांच्या नोटिशीशिवाय लग्न करू शकतं. पण दोघांपैकी एकाच्या रीतीने विधी प्रत्यक्ष झालेला असला पाहिजे. विधीचे फोटो आणि साक्षीदार ठेवा. विधी न करता घेतलेलं नोंदणी प्रमाणपत्र न्यायालयात टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालाने पुन्हा स्पष्ट झालं आहे. लग्नानंतर जात पंचायतीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

कोंडलं, मारलं, जबरदस्ती केली तर

इथे बोलणी थांबवायची. अठराखालच्या मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, तातडीला 112. सज्ञान माणसाला खोलीत कोंडून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे, मग कोंडणारे आईवडील का असेनात. मैत्रीण किंवा मित्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची याचिका करू शकतो. न्यायाधीश त्या व्यक्तीला समोर बोलावून तिची इच्छा विचारतात. मुलगी आणि बहीण कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत मिळावी असं कायदा सांगतो. वकिलाचा खर्च ही अडचण समजू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, बालकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, क्रमांक 15100.

घर सोडावंच लागलं तर घरचे बहुधा 'हरवल्याची' तक्रार देतात. पोलिस शोधायला आले की लपू नका, कारण त्याने सोबत असलेला माणूस अडचणीत येतो. वयाचा पुरावा घेऊन जवळच्या ठाण्यात जा, "मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने गेले आहे" असा लेखी जबाब द्या आणि त्याची पोच घ्या. वय सतरा वर्षं अकरा महिने असेल तर हे चालत नाही. तेव्हा सोबतच्या मुलावर अपहरणाचा आणि पोक्सोचा (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा) गुन्हा दाखल होऊ शकतो, मुलीची संमती कितीही खरी असली तरी. तो एक महिना थांबणं दोघांच्याही पुढच्या अनेक वर्षांसाठी मोलाचं असतं.

आईवडिलांसाठी

अधिकार एका दिवसात सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. म्हणून चौदाव्या वर्षापासून सुरुवात करा. आधी महिन्याचा खर्च त्याच्या हाती द्या आणि चुकला तर महिना संपेपर्यंत भर घालू नका. सोळाव्या वर्षी विषय आणि क्लास त्याला निवडू द्या. तुम्ही फक्त किती पैसे देऊ शकता तो आकडा सांगा, आणि खरा सांगा. सतराव्या वर्षी मूळ कागदांची फाइल दाखवा, कोणता कागद कुठून आणला, कोणत्या काकांकडे कशाची प्रत आहे ते सांगा. अठराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात त्याच्यासोबत बँकेत आणि आधार केंद्रावर जा, आपला नंबर काढून त्याचा जोडा. एकदा दिलेला निर्णय पहिल्या चुकीला परत घेऊ नका. पैसे बुडाले, विषय चुकला, नोकरी सुटली, तरी आधी विचारा की पुढे काय करायचं ठरवलं आहेस, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.